मजुरी किती?

कॅसेट परदेशातून आली होती. खोक्यावर कस्टम्सचा शिक्का, आत अकरा चक्रांचा चकचकीत संच. सगळ्यात लहान चक्राला ११ दाते, सगळ्यात मोठ्याला ३४. सायकलवाल्या डॉक्टरांनी ती घरीच बसवली होती आणि आता पॅडलवर जोर दिला की मागून खडखड येत होती. नाशिकमधल्या एका सायकल दुकानाच्या मागच्या भागात मिस्त्रींनी सायकल स्टँडला टांगली, मागचं चाक काढलं, कॅसेट दोन बोटांत धरून हलवून पाहिली. हलत होती. कॅसेट जागेवर धरून ठेवणारं लॉकरिंग तर घट्ट होतं.

"सर, खोकं आणलंय का?"

खोकं होतं. त्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पुडीत एक बारीक कडं तसंच पडून होतं. जाडी १.८५ मिलिमीटर. ही ११-३४ कॅसेट शिमानोने डोंगरी सायकलींच्या मापाने बनवली आहे. अकरा गिअरच्या रोड सायकलचा फ्रीहब, म्हणजे चाकावरचा ज्या खाचांवर कॅसेट सरकते तो भाग, त्याहून तेवढाच लांब असतो. आधी कडं सरकवायचं, मग कॅसेट. नाहीतर लॉकरिंग कितीही आवळलं तरी चक्रं सैलच राहतात.

मिस्त्रींनी साखळीच्या तुकड्याचा पान्हा चक्राला अडकवला, दुसऱ्या हाताने लॉकरिंग सोडवलं, खाचा फडक्याने पुसून हलकं ग्रीस लावलं, कडं सरकवलं, चक्रं एकेक करून बसवली. शेवटी टॉर्कचा पान्हा. किती आवळायचं ते लॉकरिंगवरच कोरलेलं असतं: ४० न्यूटन-मीटर. खडखड थांबली. पण काम संपलं नव्हतं. सायकलचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा होता आणि त्याची मजल तीस दात्यांपर्यंतच. ३४ वर साखळी चढवायची तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर हवा. साखळीही आता तोकडी पडणार, कारण तिची लांबी पुढचं मोठं चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांच्यावरून मोजून ठरवतात. स्वस्तात आलेल्या कॅसेटने दोन नवे भाग मागून घेतले.

डॉक्टरांना ३४ दाते हवे होते, त्यात चूक काहीच नव्हती. सप्तशृंगी गडाचा चढ किंवा कसारा घाट चढलेल्या कुणालाही ते पटेल. पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागेही ३४ असले, की पॅडलच्या एका फेऱ्याला चाक बरोबर एकदा फिरतं आणि सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. मागे २८ असतील, तर तेवढ्याच फेऱ्यात सुमारे २.५५ मीटर ओढावे लागतात. चढावर हा फरक मांड्यांना बरोबर कळतो.

दोन्ही भाग दुकानात मिळाले. डिरेलर बसला, साखळी मापून तोडून जोडली, केबल ताणली, सगळे गिअर वर-खाली करून पाहिले. मग डॉक्टरांनी विचारलं, "मजुरी किती?" मिस्त्रींनी सांगितलेला आकडा कॅसेटवर वाचवलेल्या पैशांच्या पाव हिस्साही नव्हता. तरी प्रतिक्रिया आली, "नुसतं बसवायचे एवढे?"

सायकलचं सामान परदेशातून घ्यावं की गावच्या दुकानातून, हा वाद नाशकात गेली पंधराएक वर्षं चालू आहे आणि तो बहुतेक वेळा किमतीवर लढला जातो. माझ्या मते तो अडतो या 'नुसतं'पाशी.

परदेशातून मागवायची सवय लागली ती चैनीपोटी नव्हे. नाशिक हे सायकलवेड्यांचं गाव आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. २०१७ मध्ये तेव्हा नाशकात नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. अशा बातम्यांनी गाव पेटतं. सकाळी त्र्यंबक रोडवर हेल्मेटवाल्यांची रांग दिसू लागली, २०० ते ६०० किलोमीटरच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या ब्रेव्हे राइड्सना नावं नोंदवली जाऊ लागली.

पण दुकानांत तेव्हा काय होतं? लुधियानाहून येणाऱ्या दुधवाल्या सायकली, मुलांच्या सायकली, त्यांचे टायर-ट्यूब. पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट, पॅड लावलेली बिब शॉर्ट, अकरा गिअरची साखळी हे सारं मुंबई-पुण्याहून आणायचं, नाहीतर परदेशातून. त्या काळी उत्तर आयर्लंडची 'चेन रिॲक्शन सायकल्स' आणि पोर्टस्मथची 'विगल' ही नावं इथल्या गटांत कोपऱ्यावरच्या दुकानासारखी घेतली जायची. तिथल्या किमती कमी असायला कारणं होती. प्रचंड घाऊक खरेदी, हंगाम संपल्यावरची सूट, आणि भारतात येणाऱ्या मालावर तिथला २० टक्के व्हॅट वजा व्हायचा. ज्यांचं कुणी अमेरिकेत, ते सामान तिथल्या पत्त्यावर मागवायचे आणि दिवाळीला येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत चकलीच्या पिठासाठी राखलेली जागा येताना बुटांनी भरलेली असायची.

पडद्यावरची किंमत आणि दारात पडणारी किंमत यांत मात्र कस्टम्स उभं असतं. शुल्क वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. समजा दहा हजारांची वस्तू आणि दीड हजार टपालखर्च. शुल्क मोजायचं साडेअकरा हजारांवर. दर वेळोवेळी बदलतात; हिशेबापुरते सगळे कर मिळून ४० टक्के धरले, तरी ४,६०० रुपये वाढतात आणि वस्तू १६,१०० ला पडते. वर कुरिअरचा हाताळणी खर्च वेगळा. पार्सल टपालाने आलं, तर मुंबईच्या बॅलार्ड पियरच्या विदेश डाक भवनात ते किती दिवस थांबेल याचा भरवसा नाही. 'भेट' म्हणून पाठवायची पळवाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या मालावर सरकारने बंदी आणली आणि अपवाद ठेवला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा.

परदेशातलं दुकान तरी अढळ कुठे असतं! विगल आणि चेन रिॲक्शन २०१६ मध्ये एकत्र आल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती एकत्रित कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पुढे नावं दुसऱ्या समूहाने विकत घेतली. इकडे चित्र उलट बदलत गेलं. डेकॅथलॉनमुळे बिब शॉर्ट, हेल्मेट, बाटली, पंप हे हातात धरून, घालून बघता येऊ लागलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नेहमीच्या झिजणाऱ्या भागांसाठी, म्हणजे साखळी, ब्रेक पॅड, केबल, २५ किंवा २८ मिलिमीटरचे टायर, आता परदेशात बघायची गरज सहसा उरलेली नाही. बूट आणि सॅडल तर डोळ्यांनी विकत घेण्याच्या वस्तूच नव्हेत. एकाच आकड्याचा बूट एका कंपनीचा पायाला होतो, दुसऱ्याचा करंगळी दाबतो. सॅडलची रुंदी बसण्याच्या हाडांमधल्या अंतरावर ठरते आणि ते अंतर संगणकाच्या पडद्याला कळत नाही.

तरी काही गोष्टी परदेशातूनच याव्यात. डायनॅमो हबचं उदाहरण घ्या. ब्रेव्हेमध्ये ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, म्हणजे एक रात्र तरी रस्त्यावर जाणारच, आणि पुढचा-मागचा दिवा सक्तीचा. पुढच्या चाकाच्या हबमध्येच वीज तयार झाली, तर बॅटरीची काळजी मिटते. असे उत्तम हब जर्मनीत बनतात आणि नाशिकच्या दुकानदाराने ते शेल्फवर ठेवावेत अशी अपेक्षा कुणी करू नये. वर्षाकाठी एखादा खपणार, तोवर पैसे अडकून राहणार.

पण हब म्हणजे चाक नव्हे. हब येतो एकटा. तो रिममध्ये गुंफायचा, तर ३२ स्पोक हवे, तेही मिलिमीटरच्या हिशेबाने कापलेले. हे काम मी त्याच दुकानात जवळून पाहिलं. मिस्त्रींनी हबच्या दोन्ही कडांचा व्यास मोजला, रिमचा आतला व्यास मोजला, मोबाइलमध्ये आकडे घातले आणि स्पोकची लांबी ठरवली. मग जमिनीवर बसून गुंफण सुरू. आधी एका बाजूचे आठ, प्रत्येक चौथ्या भोकात. मग दुसऱ्या बाजूचे आठ. मग हब थोडा फिरवून उलट्या दिशेचे, दर स्पोक तिघांना ओलांडून जाणारा, शेवटच्याच्या मागून. अर्ध्या तासात जर्मन हब रिमच्या मधोमध लोंबत होता, अजून ढिला.

खरं काम त्यानंतरचं. चाक स्टँडवर चढवलं, निप्पलला पान्हा लावला आणि प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा. चाक फिरवायचं, रिम कुठे घासते ते बघायचं, त्या बाजूचे दोन स्पोक सैल करायचे, समोरच्या बाजूचे दोन आवळायचे. चाकाचा 'आऊट' काढणं म्हणतात ते हेच. मधूनमधून मिस्त्री शेजारशेजारचे स्पोक नखाने छेडत होते. सूर जुळला नाही, तर ताण सारखा नाही. डावी-उजवी लचक गेल्यावर वर-खालची लचक, ती गेली की पुन्हा डावी-उजवी. मग जोड्या मुठीत धरून दाबायच्या, म्हणजे बसायचे ते स्पोक इथेच बसतील, घाटात नाही.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"काळ्या सायकलीवर. पुढं बत्तीस, मागं चाळीस तारा. खड्ड्यात गेली की चाकाचा आठ व्हायचा. रोज दोन-तीन चाकं यायची."

जुन्या दुधवाल्या सायकलींना खरंच पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, ब्रिटिशांच्या वेळेपासूनची ती रीत. जर्मन हबला लागणारं कसब नाशकात तयार मिळालं, ते त्या सायकलींमुळे. ते कुठल्याही संकेतस्थळावरून मागवता येत नाही.

दुकानदाराचा हिशेब इथे समजून घ्यायला हवा. आजवर तो मजुरी जवळजवळ फुकट देत आला, कारण सुट्या भागाच्या नफ्यात ती भरून निघायची. टायर घेतला की बसवून देणं त्यात आलं. ओव्हरऑयलिंगला आलेल्या सायकलीला चार भाग लागायचे, तेवढ्यावर दिवस निघायचा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी मुलांच्या सायकली खपायच्या. गिऱ्हाईक भाग बाहेरून आणू लागलं, तेव्हा नफा गेला आणि काम तेवढंच राहिलं. उलट वाढलं. चुकीच्या मापाचा भाग आला, तर तो ओळखणं, त्याचं कडं शोधणं, 'हे बसणार नाही' हे गिऱ्हाइकाला न दुखावता सांगणं, हेही कामच.

काही दुकानांनी यावर साधा उपाय केला आहे. भिंतीवर मजुरीचे दर लावले आहेत: चाक गुंफणं, आऊट काढणं, ब्रेकचं तेल बदलणं, गिअर लावणं. भाग कुठून आणलाय याच्याशी त्या दराला घेणंदेणं नाही. काहींनी बाहेरच्या भागाला जास्त दर ठेवला आहे, तो मात्र मला पटत नाही. त्यातून गिऱ्हाइकाला शिक्षा होते, कामाची किंमत ठरत नाही. दर एकच असावा आणि तो पोट भरेल इतका असावा. मग दुकानदाराला पार्सल बघून कपाळाला आठ्या पाडाव्या लागणार नाहीत आणि गिऱ्हाइकाला ते पिशवीत लपवून आणावं लागणार नाही.

गिऱ्हाइकानेही एक पथ्य पाळावं. परदेशातून काही मागवायचं असेल, तर आधी सायकल घेऊन मिस्त्रींकडे जावं. फ्रीहब कुठला, डिरेलर किती दात्यांचा, ब्रेकला मिनरल ऑइल लागतं की डॉट फ्लुइड, हे त्यांना दहा मिनिटांत कळतं. त्या दहा मिनिटांनी हजारो रुपयांचं चुकीचं पार्सल वाचतं. या सल्ल्याचाही दर भिंतीवर लागला, तर तो आनंदाने द्यावा; एरवी असाच सल्ला आपण डॉक्टरांकडून घेतला असता, तर त्याची फी आधी काउंटरवर भरली असती.