उखाण्यातील नाव आणि यमकाची अडचण

पतीचे नाव उच्चारू नये, हा संकेत पाळणाऱ्या समाजात ते नाव घेण्याची संमत जागा म्हणजे उखाणा होय. महाराष्ट्रात इतरत्र दिसते तसे अकोले तालुक्यातील राजूर परिसरातही लग्न, डोहाळजेवण, हळदीकुंकू या प्रसंगी नाव पद्यातूनच घेतले जाते. येथेच रचनेचा एक खरा प्रश्न उभा राहतो. अन्य शब्दाला यमक न साधल्यास समानार्थी शब्द योजता येतो. विशेषनामाला पर्याय नसतो.

काही नावे या बाबतीत उदार असतात. ‘पांडुरंग’ला अभंग, मृदंग, सत्संग, ‘दत्तात्रेय’ला श्रेय, ध्येय, गेय. याउलट ‘कृष्ण’ला ‘उष्ण’खेरीज फारसे काही सापडत नाही, आणि तो शब्द मंगलप्रसंगी शोभणारा नाही. त्याच नावाचे बोलीतील ‘किसन’ हे रूप घेतले की आसन, बेसन असे घरातले शब्द हाताशी येतात.

या अडचणीवर परंपरेने शोधलेला सर्वांत चतुर उपाय म्हणजे ‘राव’. हे आदरार्थी पद जोडताच कोणत्याही पुरुषनामाचा अंत एकच होतो आणि गाव, नाव, भाव, ठाव हे शब्द सर्वांनाच उपलब्ध होतात. दुसरा उपाय नाव चरणाच्या मध्ये ठेवून यमकाचा भार क्रियापदावर टाकण्याचा. संतांच्या नाममुद्रेतही जवळजवळ हेच घडते: तुकारामांचे ‘तुका’, नामदेवांचे ‘नामा’ असे संक्षिप्त रूप बहुधा चरणारंभी येते, त्यामुळे त्याला यमक शोधावे लागत नाही.

व्याकरणातील एका बदलाचाही येथे विचार करावयास हवा. ‘राम’चे सामान्यरूप ‘रामा’ होते, म्हणून ‘रामाचे’ला ‘कामाचे’, ‘धामाचे’ सहज जुळतात. अलीकडील नावे मात्र सामान्यरूप घेत नाहीत. ‘प्रकाशचे’ म्हणावे लागते. ‘प्रकाशाचे’ म्हटल्यास व्यक्ती जाऊन उजेड उरतो. प्रत्ययामुळे मिळणारी यमकाची ही सोय अशा नावांपुरती संपली आहे.

स्थलनामे मात्र अजूनही साहाय्यास येतात. राजूर–दूर–सूर, अकोले–बोले–डोले, भंडारदरा–झरा–खरा. आणि प्रवरेला तर ‘नवरा’ हेच यमक लाभले आहे! माहेरचे वा सासरचे गाव यमकात आले की उखाणा त्या स्त्रीचा होतो, दुसरीला तो जसाच्या तसा वापरता येत नाही.

छापील उखाणासंग्रहांत नेमके उलट घडते. तेथे नावाच्या जागी टिंबे असतात आणि यमक आधीच जुळवलेले असते. टिंबांच्या जागी कोणतेही नाव बसावे यासाठी त्या नावाच्या ध्वनीचा रचनेशी काही संबंधच ठेवलेला नसतो. ‘पांडुरंग’ आणि ‘कृष्ण’ तेथे सारखेच सोपे ठरतात.