निगडीचा सातबारा व सन 2020 चें साहाय्य

निगडी नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. प्रस्तुत लेखांत अभिप्रेत असलेली निगडी पुण्याच्या वायव्येस, जुन्या मुंबई रस्त्यावरील, मूळची हवेली तालुक्यांतील व आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत मोडणारी होय. सन 1972 मध्यें येथें नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें व निगडी, आकुर्डी वगैरे गांवांच्या कित्येक शेतजमिनी वसाहतीकरितां संपादनांत गेल्या. प्राधिकरण 2021 सालीं विसर्जित झालें. अशा गांवीं शेतकरी म्हणावें कोणास, हा प्रश्न सन 2020 च्या महामारींतील सरकारी साहाय्यानें उभा केला.

त्या वर्षीं 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. 26 मार्च रोजीं केंद्र सरकारनें जें साहाय्य जाहीर केलें, त्यांत सुमारें 8 कोटी 70 लक्ष शेतकऱ्यांस प्रत्येकीं 2000 रुपये एप्रिलच्या आरंभीं द्यावयाचे ठरलें. रक्कम मात्र नवी नव्हती. 24 फेब्रुवारी 1919 नव्हे, 2019 रोजीं (शतकाची ही चूक नकलनविसांकडून पुढें होईल म्हणून मुद्दाम सांगतों) सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचें वर्षासन 6000 रुपयांचें, तीन हप्त्यांचें. त्यांतील एप्रिल ते जुलैचा हप्ता मुदतीच्या आरंभींच पोंचविला, इतकेंच.

तथापि जुन्या पद्धतीशीं ताडून पाहतां भेद मोठा दिसतो. पेशवाईंत मोडल्या गांवास कौल देत, इस्ताव्यानें सारा चढवीत नेत, बैलबियाण्यास तगाई देत. इंग्रजी अमलांत 1883 व 1884 च्या कायद्यांनीं तगाईस नियमबद्ध रूप आलें. 1918 सालीं इन्फ्लुएन्झानें मुंबई इलाख्यांत सुमारें दहा लक्ष माणसें दगावलीं आणि त्याच सालीं पाऊसही फसला. तेव्हांहि रयतेस आधार तगाईचा, साऱ्याच्या तहकुबीचा किंवा सुटीचा. तगाई फेडावी लागे, तहकूब सारा पुढें भरावा लागे. 2020 ची रक्कम परत करावयाची नव्हती.

पण ती मिळे कोणास? 1 फेब्रुवारी 2019 रोजीं लागवडीयोग्य जमीन ज्याच्या नांवें दाखल, त्यास. त्या तारखेनंतर वारसानें आलेली जमीन तेवढी अपवाद. सातबारा हा वस्तुतः दोन नमुन्यांचा जोड आहे: सातांत मालकी, बारांत पीक. हें साहाय्य सातांतील नांव पाहून चाले. दुसऱ्याचें रान वाट्यानें करणाऱ्याचा घाम बाराच्या रकान्यांत पिकाच्या रूपानें उतरतो. त्याचें नांव सातांत नाहीं, म्हणून महामारींतहि त्यास कांहीं नाहीं. हा दोष, माझ्या मतें, किरकोळ नव्हे. उलट, शहरांतील जमिनीस नियमानें मज्जाव नाहीं; ती प्रत्यक्ष लागवडीखालीं मात्र असली पाहिजे. म्हणजे निगडीसारख्या ठिकाणीं उरल्यासुरल्या रानाच्या धन्यास सात व बारा दोन्ही लागू. आणि ज्याचें शेत संपादनांत गेलें, त्यास जमिनीअभावीं यांतला एकहि नमुना उपयोगी नाहीं. आयकर भरणारेहि वगळलेले आहेत.

संग्राहकांस यांत एक अडचण आहे. तगाईचा रोखा, कौलनामा, तहकुबीचा हुकूम हे कागद दप्तरांत राहिले. 2020 च्या देण्याची खूण शेतकऱ्याच्या घरीं उरते ती बँकेच्या पासबुकांतील एका ओळीपुरती, आणि तींत रोगाचें नांवहि येत नाहीं. निगडी, आकुर्डी, चिखली येथील ज्या घरांत जुने तगाईचे रोखे, संपादनाच्या नोटिसा, फेरफाराचे उतारे व हीं पासबुकें एकत्र असतील, त्यांनीं तीं वेगळीं न करितां एकाच रुमालांत बांधून ठेवावीं व नकला मंडळाकडे पाठवाव्या.