संग्राम मेडल: कडेवर ठसवलेलं नाव

देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिक रोडला तोफखाना केंद्र; त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर करून राहिलेले गनर पुष्कळ. २६ जानेवारीला, किंवा २८ सप्टेंबरच्या गनर्स डेला, त्यांच्या डाव्या छातीवर पदकांची रांग दिसते. १९७१ चं युद्ध पाहिलेल्यांच्या रांगेत एक गोल, रुपेरी पदक असतं. तेच संग्राम मेडल.

शौर्यपदकांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, आणि सांगायलाच हव्यात. संग्राम मेडल मात्र कुणा एकाच्या पराक्रमाचं नाही. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा अशा सीमाभागांत ज्यांनी सेवा केली, त्या सगळ्यांचं ते. ढाक्यात शरणागती झाली १६ डिसेंबर १९७१ ला. पदकाची मुदत त्यापुढे वर्षभर चालली. मला हे फार न्याय्य वाटतं. गोळीबार थांबला म्हणून फौजा लगेच घरी परतल्या नव्हत्या. सिमला करार झाल्यावरही माघार पुरी व्हायला १९७२ चा डिसेंबर उजाडला.

तोफखान्याला तर असंच पदक शोभतं. निरीक्षण चौकीवरचा अधिकारी लक्ष्य पाहून वायरलेसवर आकडे सांगतो. कित्येक किलोमीटर मागे तोफेवरचे जवान गोळा भरतात, आणि तो कुठे पडला हे त्यांना दिसतसुद्धा नाही. रात्री दिवे न लावता दारूगोळा आणणारा ड्रायव्हर, लंगरातला स्वयंपाकी, तारा जोडणारा जवान, यांतला एक नसला तरी काम अडतं. शौर्यपदक यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतं. संग्राम मेडल पोहोचलं.

तांबं-निकेलच्या या पदकाच्या एका बाजूला सिंहमुद्रा आहे. खरी गोष्ट कडेवर आहे: तिथे सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव ठसवलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या आपल्या शिपायांना बर्मा स्टार मिळाला, तो बहुधा नावाविनाच. १९४७ च्या स्वातंत्र्य पदकावर अशोकचक्राच्या माथ्यावर ब्रिटिश मुकुट होता, पण कडेवर नाव आलं होतं.

१९७१ ला विशीत असलेला गनर आज पंच्याहत्तरीला टेकला आहे. त्याच्या घरच्यांना मी कळकळीनं सांगतो, हे पदक पॉलिश लावून घासू नका. कडेची अक्षरं झिजतात. नंबर वहीत उतरवून घ्या. शेजारी ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर आजोबा बांगलादेशच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेच्या. रेजिमेंट कुठली, तोफ कुठली, पहिला गोळा कुठून टाकला, हे त्यांनाच विचारा, आणि यंदाच विचारा.