साडेतीनच्या आत

ट्रॅव्हल एजन्सीत सामान तोलायचा काटा कशाला, एवढंच विचारायला मी आत शिरले होते. अल बर्शात मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मेट्रो स्टेशनवर उतरून मागच्या गल्ल्यांत वळलं की हॉटेलं, लाँड्र्या, टायपिंग सेंटर आणि कडक चहाच्या कॅफेटेरिया यांच्या रांगेत हे दुकान आहे. काचेवर मालदीवचं भलंमोठं चित्र. उन्हानं त्यातल्या जोडप्याचे चेहरे उडालेत, निळं पाणी तेवढं टिकलंय. आणि दाराशी तो काटा, त्यावर एक बाई आपली बॅग तिसऱ्यांदा ठेवत होती.

"सी-प्लेनला वीस अन् पाच," काउंटरमागची ताई म्हणाली. म्हणजे वीस किलो सामान आणि पाच किलो हातातलं. दुबईहून निघणारं मोठं विमान तीस किलो घेतं, म्हणून लोक तीस भरतात. पुढे मालेला त्या चिमुकल्या विमानाच्या काउंटरवर बॅग ठेवली की जादा किलोचे डॉलर मोजायची वेळ येते. ताई मूळची चिपळूणची. गिऱ्हाइकांना दादा-वहिनी म्हणते आणि बोलता बोलता त्यांचे पासपोर्ट चाळते.

डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेच्या राष्ट्रीय सुट्टीआधीचे दिवस होते, दुकान भरलेलं. त्या आठवड्यात मी संध्याकाळी जाऊन कोपऱ्यात बसायचे. प्रिंटरमधून सतत गरम कागदाचा वास येत असे. अजूनही कुठे तो वास आला की मला पासपोर्टच्या झेरॉक्स आठवतात, समुद्र नाही.

येणारा प्रत्येक जण मोबाइलवर खोल्यांचे फोटो दाखवायचा. पाण्यावरची खोली, काचेची जमीन, तरंगता नाश्ता. ताई फोटोकडे बघायचीही नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "मालेला किती वाजता उतरताय?"

कारण सी-प्लेन अंधारात उडत नाही. वैमानिक डोळ्यांनी पाणी बघून उतरवतो, त्यामुळे सगळा कारभार दिवसाउजेडी. "साडेतीनच्या आत उतरायला हवं," ती दिवसातून कितीदा म्हणत असेल कोण जाणे. दुबई ते माले सव्वाचार तास, आणि तिथलं घड्याळ एक तास पुढे. हा एक तास लोक हमखास विसरतात. सकाळी दहाला निघालेला माणूस तिथे सव्वातीनला उतरतो, आणि विमानाला अर्धा तास उशीर झाला तर रात्र मालेच्या हॉटेलात. बेटावरच्या खोलीचं भाडं मात्र त्या रात्रीचंही लागतं.

एका तरुणानं स्वस्त तिकीट शोधून आणलं होतं. सव्वापाचला उतरणारं. "साडेतीन, दादा," ताई म्हणाली. तो हिशेब करत बसला. सी-प्लेनचे जाऊन-येऊन माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज होतात, शिवाय बुडणारी रात्र. तिनं त्याला स्पीडबोटीचं बेट सुचवलं. बोट रात्रीही जाते. स्वस्त तिकीट हे बहुतेक वेळा महागच असतं, असं माझं मत तिथे बसून पक्कं झालं. पॅकेजवाले खोलीचा आकडा ठळक छापतात आणि मालेपासून बेटापर्यंतच्या प्रवासाचा बारीक अक्षरात. १ जानेवारी २०२५पासून रिसॉर्टचा हरित करही माणशी रोज सहा डॉलरवरून बारावर गेलाय. चौघांचे चार रात्रींचे झाले १९२. दुबईच्या उन्हाळ्यात सगळंच स्वस्त का, हे मात्र कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आपला तो नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथेही पडतो.

बाकीची तयारी ती भराभर उरकायची. मालदीवमध्ये शिरण्यासाठीचा 'इमुगा'चा फॉर्म विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी. व्हेप न्यायचं नाही, २०२४पासून बंदी आहे. प्लग दुबईचाच चालतो. आणि एमिरेट्स आयडीचं कार्ड विसरायचं नाही, कारण २०२२पासून पासपोर्टवर रेसिडेन्सीचा स्टिकर नसतो.

मग ते पुण्याचं कुटुंब आलं. नवरा-बायको, मुलगी आणि आजी. ताईनं आजींचा पासपोर्ट उघडला. "आजी व्हिजिटवर ना? सिंगल एन्ट्री?" आजींच्या मुलानं मान हलवली. "मग मालेला गेल्या की हा व्हिसा संपला. परत दुबईत यायला नवा लागेल."

"मी राहते घरी, देवांजवळ," आजी लगेच म्हणाल्या. त्यांना बहुधा जायचंच नव्हतं. पण ताईनं पेन टेकवला. आजींची परतीची वेळ तशीही जवळ आली होती. सगळ्यांनी मिळून बेटावर जायचं आणि शेवटी आजींनी मालेहूनच मुंबई गाठायची. नव्या व्हिसाचा खर्च वाचला. मुलगा खूश. मग काटा आठवला. पुण्याला न्यायचा खजूर, केशर, दूध पावडर हे सगळं वीस अन् पाचमध्ये कसं बसणार? "स्पीडबोटीचं बेट घ्या, वजनाची कटकट कमी," ताई म्हणाली. तेही ठरलं.

तेवढ्यात आजींनी पर्समधून बोटभर उंचीचा पितळी गणपती काढला. दुबईला येतानाही बरोबर आणलेला. ताई पहिल्यांदाच गप्प झाली. मालदीवमध्ये पूजेची मूर्ती नेता येत नाही, कस्टम्सच्या मनाई यादीत ती आहे. "आजी, हा इथेच ठेवावा लागेल."

"चार दिवस?"

"तुम्ही परत इकडे येणार नाही ना. जुलैत दादा पुण्याला येतील तेव्हा आणतील."

"जुलै!" आजी म्हणाल्या. मुलानं नव्या व्हिसाचे पैसे पुन्हा विचारले. सून भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. मला त्या नियमाचा राग आला, पण ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला साडेतीन जसं, तसंच हे.

दहा-एक मिनिटं घोळ चालला. शेवटी तिकीट मालेहून मुंबईचंच झालं. मूर्ती आजींनी सुनेकडे नाही, मुलाच्या हातात दिली आणि त्याला बजावलं, "मंगळवारी दूर्वा. मिळत नाहीत म्हणून सांगू नकोस, बर दुबईत मिळतात, मी बघितल्यात."