बाळंतपणानंतर सतत रडू येतंय? 'बेबी ब्लूज' आणि डिप्रेशनमधला फरक समजून घ्या

घरात बाळ आलं, पेढे वाटून झाले, बारशाची तयारी सुरू झाली. पण आई मात्र कारण नसताना रडतेय. मग सल्ले सुरू होतात, "आम्हीही पोरं वाढवली, आम्हाला नाही असं काही झालं!" ती आणखी गप्प होते.

हे नेमकं काय असतं? आणि काळजी कधी करायची?

पहिले दोन आठवडे

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सची पातळी खूप वाढलेली असते. प्रसूतीनंतर काही दिवसांतच ती झपाट्याने खाली येते. त्यात टाक्यांचं दुखणं आणि रात्रीची जागरणं. त्यामुळे अचानक रडू येणं, चिडचिड, धास्ती वाटणं असं होऊ शकतं. यालाच 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना हा अनुभव येतो. आराम आणि घरच्यांचा आधार मिळाला, तर साधारण दोन आठवड्यांत तो ओसरतो.

त्यानंतरही थांबलं नाही तर?

मग ते 'पोस्टपार्टम डिप्रेशन' असू शकतं. त्याची लक्षणं अशी:

- दिवसभर उदास वाटणं, कशातच मन न लागणं
- बाळ झोपलं तरी स्वतःला झोप न येणं
- बाळाबद्दल माया वाटत नाही, याचा अपराधीपणा
- 'मी चांगली आई नाही' हा विचार सारखा येणं
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के महिलांना मानसिक आजाराचा सामना करावा लागतो आणि त्यात डिप्रेशन सर्वाधिक आढळतं. विकसनशील देशांत हे प्रमाण जवळपास २० टक्के आहे. हा आजार आहे. आईच्या मायेत किंवा संस्कारांत काही कमी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

भास होणं, भलतेच संशय येणं, असंबद्ध बोलणं ही 'पोस्टपार्टम सायकोसिस'ची लक्षणं आहेत. हजारात एक-दोन जणींना तो होतो. अशा वेळी आई आणि बाळाला एकटं सोडू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

सव्वा महिन्यानंतर काय?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची पद्धत आहे. मालिश, शेक, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, सगळं होतं. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटीही ४२व्या दिवसापर्यंत असतात. पण डिप्रेशन बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं. म्हणजे आई माहेरून सासरी परतते, मदतीचे हात कमी होतात, नोकरीची सुट्टी संपत येते, तेव्हाही धोका असतोच. नेमकं तेव्हाच तिच्याकडे लक्ष द्यायला कुणी नसतं.

घरच्यांनी काय करायचं?

"बाळ दूध पितं का?" यासोबत "तुला कसं वाटतंय?" हेही विचारा. ती बोलली, तर मध्येच सल्ला न देता ऐकून घ्या. रात्री एकदा तरी बाळाला नवऱ्याने किंवा आजीने सांभाळावं, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं?

डॉक्टर बऱ्याचदा 'एडिनबर्ग स्केल' वापरतात. १९८७ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दलचे १० प्रश्न असतात. त्यातून पुढच्या तपासणीची गरज आहे का, ते कळतं. थायरॉइडची तपासणीही सुचवली जाऊ शकते, कारण त्याचा त्रास असला तरी अशीच लक्षणं दिसतात. उपचारात समुपदेशन असतं आणि गरज पडली तर औषधं. स्तनपान सुरू असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. तो मोफत आहे, २४ तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. आईला स्वतः फोन करणं जमत नसेल, तर घरातलं कुणीही करू शकतं.