माळ्याची खोली झाली, उन्हाचं काय?

आपल्या खानदेशातल्या जुन्या घरांत माळा म्हणजे अडगळीची हक्काची जागा. धान्याच्या कणग्या, लग्नातली मोठी पातेली, पाळणा, मोडक्या खुर्च्या, सगळं वर. आता घरं लहान पडू लागली. मुलाचं लग्न ठरतं, नातवाची बारावी येते आणि प्लॉटचे भाव ऐकून छाती दडपते. मग माळाच झाडूनपुसून, फरशी टाकून, खिडकी काढून त्याची खोली होते. वर पत्रा. दिवाळीत ती खोली छान वाटते. होळी झाली की तिची भट्टी होते. फैजपूर, यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं ही काही बातमी नाही. १९३६ साली काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन आमच्या फैजपुरात भरलं, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून ते नगर सजवलं. पण ते डिसेंबरात होतं हो! मे असता तर पुढाऱ्यांनी भाषणं जरा आवरतीच घेतली असती.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची लेक पहिल्या बाळंतपणाला मे महिन्यात माहेरी येणार होती. खाली दोनच खोल्या, त्यात सासू-सासरे आणि दिवसभराचं येणं-जाणं. म्हणून माळा करून घेतला, दहा बाय बारा. मग घरात रोज खल. वहिनींचे मिस्टर म्हणत कूलर बस झाला. मुलगा म्हणे हप्त्यावर एसी घेऊ, जावई येतील तेव्हा बरं दिसेल. सासूबाईंचं एकच, ‘बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही.’ शेवटी वहिनी माझ्याकडे आल्या, ‘ताई, तुम्ही बायकांना दवाखान्यात नेता-आणता, तुम्हीच सांगा, एक टनाचा घेऊ का दीड टनाचा?’

मी म्हटलं, वहिनी, आधी दुपारी दोन वाजता वर जाऊन पाच मिनिटं बसा. ऊन कुठून येतंय ते कळेल. ते खिडकीतून कमी, डोक्यावरून जास्त येतं. पत्रा तापला की तो खालच्या माणसाला शेकतो. पत्र्याचं एक बरं, सूर्य मावळला की तो लवकर निवतो. स्लॅबचं उलटं. तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. म्हणून खोलीत दुपारी कोण असणार आणि रात्री कोण, हे आधी ठरवावं. बाळंतीण तर चोवीस तास तिथंच.

आपण केळीच्या बागेला किती जपतो! कडेनं शेवरी लावतो, गरम वारा अडवायला हिरवी जाळी बांधतो. मग घरातल्या लेकीसुनेच्या डोक्यावर उघडा पत्रा का? तीच जाळी पत्र्यापासून हात-दीड हात उंच बांधली, मधून वारा खेळता राहिला, की फरक जाणवतो. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्यावा. स्लॅब असेल तर साध्या चुन्याचे दोन हात. खालून सिलिंग करताना पत्रा आणि सिलिंगमध्ये वीतभर पोकळी सोडावी आणि दोन्ही टोकांना जाळी लावून ती हवेशीर ठेवावी. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो, वायरींच्या जवळ तर नकोच. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि खूप माणसं दगावली. त्यानंतर २०१३ पासून तिथं उन्हाळ्याचा कृती आराखडा आला आणि पुढं गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम झालं. आपल्या आजीची धाब्याची घरं आठवा. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, मे महिन्यात दुपारी आत शिरलं की जीव निवायचा.

आता यंत्राचं. कूलरला मी नाव ठेवणार नाही. आपली मे महिन्यातली हवा कोरडी, तिथं तो उत्तम चालतो. दीडशे-दोनशे वॅटचं काम, बारा तास चालला तरी दोन-अडीच युनिट. लाइट गेली तर बऱ्याच घरांत बॅटरीच्या इन्व्हर्टरवरही चालतो. मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती ओल साचते. आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. पण पुरुषमंडळी कधी विचारत नाहीत असा एक प्रश्न मी वहिनींना विचारला, पाणी वर कोण नेणार? टाकी दुपारभरात रिकामी होते. नळाला रोज पाणी नाही, माळ्याचा जिना उभा, आणि बादल्या वाहणार घरातली बाईच. तेच पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासून कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. पाणी भरताना प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही. कूलरचा शॉक लागून बाई गेल्याची बातमी आपण उन्हाळ्यात वाचतोच ना?

एसीच्या बाबतीत दुकानदार ‘टन’ म्हणतो ते यंत्राचं वजन नव्हे. २४ तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून ओढून बाहेर टाकायची ती ताकद. दहा बाय बाराच्या तळमजल्यावरच्या खोलीला १ टन पुरतो. उघड्या पत्र्याखाली त्याच खोलीला दीड टनही धापा टाकतो. छप्पर आधी का नीट करायचं, ते इथं कळतं. जाळी आणि सिलिंगचा खर्च एकदाच, मोठ्या एसीचं बिल दर महिन्याला.

लेबलवर तारे तर बघाच, पण वर्षही बघा. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्याचे पाच सारखे नसतात. वर्षाला किती युनिट तेही तिथंच छापलेलं असतं. ते १६०० तासांचं गणित असतं. समजा ८०० लिहिलंय, तर तासाला अर्धा युनिट. आपल्याकडच्या मे महिन्यात पाऊण धरा. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७० युनिट. त्यात घरचे शंभर मिळवले की महावितरणच्या बिलात ३०० च्या वरचा महाग टप्पा लागलाच. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, पण विजेचं बिल त्यानं कमी होत नाही!

‘इन्व्हर्टर एसी’ या शब्दानं बऱ्याच बायका फसतात. लाइट गेल्यावर चालतो असा त्याचा अर्थ नाही. खोली गार झाली की मोटर हळू चालते आणि वीज वाचते, एवढाच. वायर जुनी असेल तर एसीसाठी स्वतंत्र ४ एमएमची ओढून घ्या, वेगळा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग घ्या. बाहेरचं युनिट तापल्या पत्र्यावर ठेवू नका. सावलीच्या भिंतीला लावा, त्याला मोकळी हवा हवी.

सासूबाईंचं म्हणणंही मी खोडून काढलं नाही. तान्ह्या बाळाचं अंग चटकन गार पडतं, हे खरंच. पण ४० अंशांत कोंडल्यावर त्याला तापही भरतो, लघवी कमी होते. म्हणून २६-२७ अंशांवर ठेवायचं, झोत अंगावर नाही, डोक्याला टोपडं. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

वहिनींनी जाळी बांधली, सिलिंग केलं आणि १ टनाचा एसी घेतला. कूलर खालच्या खोलीत सासऱ्यांजवळ. मी एक मात्र बजावलं. दुपारी लाइट गेली तर बंद माळा बघता बघता तापतो. म्हणून खाली खिडकीजवळची खाट लेकीसाठी मोकळी ठेवायची, पाहुणे आले तरी.