खिदमतीचा प्रवास आणि गाडीभाड्याचा हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले-मुली घरी विचारू लागतात, "अब्बू, शिबिराला जाऊ का?" पावसाळ्यात कुठे पूर आला की मोहल्ल्यातली तरुण मंडळी गाडी भरून निघायच्या तयारीत असते. खिदमतीची ओढ ही अल्लाह तआलाची देणगी आहे, म्हणून आई-वडील सहसा नाही म्हणत नाहीत. पण जाण्या-येण्याचा खर्च कोणी करायचा, हे मात्र क्वचितच कोणी आधी बोलून घेते. मग ऐनवेळी उसने घेतले जातात, नाही तर मदतीसाठी जमवलेल्या रकमेतूनच डिझेल भरले जाते. यातला दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे.

सेवेचा प्रवास तीन प्रकारचा असतो. पहिल्यात खर्च सरकार किंवा संस्था करते. राष्ट्रीय सेवा योजना हे त्याचे ओळखीचे उदाहरण. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. केटीएचएमसारख्या महाविद्यालयाचे विद्यार्थी तिच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी एखाद्या गावात जातात. या शिबिरासाठी शासनाचे अनुदान असते, त्यामुळे घरच्यांवर फारसा भार पडत नाही. हाजींच्या सेवेला जाणारे सरकारी कर्मचारीही याच प्रकारातले. पूर्वी त्यांना खादिमुल हुज्जाज म्हणत, आता राज्य हज निरीक्षक म्हणतात. खर्च दुसऱ्याचा असला की जबाबदारी वाढते. तिथे गेलेल्या माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा राहत नाही.

दुसऱ्या प्रकारात जाणारा स्वतःचा खर्च स्वतः करतो. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. साधारण १५ ते २२ मे या काळात महाराष्ट्रभरातले तरुण तिथे जमतात, पहाटे श्रमदान करतात, दिवसा व्याख्याने आणि चर्चा ऐकतात. तिकीट ज्याचे त्याने काढायचे असते. आपल्या घरांना ही पद्धत नवी नाही. तबलीगी जमातीत निघणारा साथीही आपला माल आणि आपला वेळ घेऊनच निघतो.

तिसरा प्रकार म्हणजे वर्गणीतून जाणे. घोळ होतो तो इथेच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. दोन्ही वेळा राज्यभरातून मदतीच्या गाड्या निघाल्या. नाशिकहून सांगली-कोल्हापूर एका बाजूने चारशे किलोमीटरहून जास्त आहे. समजा, वीस जण निघाले आणि प्रत्येकी दोन हजार रुपये प्रवास व जेवणावर गेले, तर चाळीस हजार रुपये झाले. हे पैसे पूरग्रस्तांच्या नावाने जमवलेले असतील तर देणाऱ्याची नियत एक होती आणि खर्च दुसराच झाला. चुलीपासून कपड्यांपर्यंत सगळे वाहून गेलेल्या घरचा तो घास होता. डॉक्टर, नर्स, वायरमन, विहीर उपसणारे अशा हुन्नर असलेल्या चार जणांना पाठवून बाकीची रक्कम तिथल्याच विश्वासू संस्थेला देणे, हे कधी कधी वीस जणांच्या जाण्यापेक्षा बरे असते.

जकातीच्या रकमेबाबत तर अधिकच सावध असावे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात 'इब्नुस्सबील' म्हणजे मुसाफिर आहे, म्हणून स्वयंसेवकाचे भाडे जकातीतून चालेल असे काही जण म्हणतात. हनफी आलिमांच्या मते हा मुसाफिर म्हणजे वाटेत पैसे संपून अडकलेला माणूस. शाफई मजहबात घरून निघणाऱ्या गरजू प्रवाशालाही काही अटींवर त्यात धरले जाते. त्यामुळे आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तीसाहेबांना विचारल्याशिवाय जकातीला हात लावू नये. विद्यार्थी स्वतःच जकातीचा हक्कदार असेल, तर रक्कम त्याच्या हाती त्याच्या मालकीची करून द्यावी. तो ती कशावर खर्च करील, ही त्याची मर्जी. इतरांच्या भाड्यासाठी नफल सदका किंवा लिल्लाहची रक्कम वापरता येते, मात्र देणाऱ्याला तसे आधी सांगितलेले असावे.

आता घरच्या तयारीविषयी. हज कोणावर फर्ज होतो? ज्याच्याकडे जाण्या-येण्याचा खर्च आहे आणि परत येईपर्यंत घरच्यांची सोय आहे, त्याच्यावर. फर्ज इबादतीत ही सवलत आहे, तर नफल खिदमतीसाठी कर्ज काढून घर अडचणीत का घालावे? वर्षभर दरमहा शंभर-दोनशे रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर मेपर्यंत तिकिटाची सोय होते. मुलाने स्वतःच्या खर्चातून वाचवले तर आणखी उत्तम.

तिकीट वेळेत काढण्यातही पैसा वाचतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १३ मेच्या गाडीसाठी १४ मार्चलाच बसावे लागेल, आणि २३ मेच्या परतीसाठी २४ मार्चला. सोमनाथला जाणाऱ्यांना नाशिकरोडहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसने नागपूर गाठून पुढे बसने मूलला जाता येते. छावणीच्या यंदाच्या तारखा, शुल्क आणि जेवणाची व्यवस्था आधी विचारून घ्यावी. गंगापूर रोडपासून नाशिकरोड स्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा रात्रीच्या रिक्षाचे भाडेही हिशेबात धरावे.

मुलींच्या बाबतीत घरोघरी महरमचा प्रश्न येतो. भाऊ-बहीण एकाच शिबिराला गेले तर तो सुटतो. आई सोबत निघाली तरी बऱ्याच घरांचे समाधान होते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मायलेकींचा खर्च एका पूर्ण तिकिटात बसतो. सफरीतल्या नमाजची माहितीही देऊन पाठवावे. हनफी मसल्यानुसार एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार रकात फर्जऐवजी दोन, शाफईंकडे ही मुदत चार दिवसांची आहे.

वर्गणी काढायचीच असेल तर दोन वह्या ठेवाव्यात, एक मदतीची आणि एक प्रवासाची. पावतीवर रक्कम कशासाठी घेतली ते लिहावे. संस्था नोंदलेली नसेल तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी. परत आल्यावर पुढच्या जुम्याला हिशेब मशिदीच्या फलकावर लावावा, उरलेले पैसेही त्यात दाखवावेत. असा हिशेब पाहिलेला माणूस पुढच्या वेळी न मागता देतो.

ज्यांना भाडे परवडत नाही, त्यांच्यासाठी खिदमतीचा दरवाजा बंद नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा नाशिककरांची गरजू माणसे नाशिकमध्येच होती. गंगापूर रोड तर नदीच्या काठाकाठानेच जातो. शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, वस्तीतल्या मुलांना तासभर शिकवणे, यालाही अज्र आहेच, आणि त्याला तिकीट लागत नाही. मुलाने "जाऊ का?" विचारले तर जरूर पाठवा. फक्त भाडे कोणाच्या खिशातून जाणार आहे, हे त्याच दिवशी ठरवा.